टाकीवाल्या काकू

टाकीवाल्या काकू कोणाच्याही घरी आल्या की बसायच्या आधी ओट्याखालची ओल्या कचऱ्याची बादली उघडून बघत. त्यात प्लास्टिक दिसलं तर स्वतः वेचून काढत आणि मगच चहा घेत.

काका कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही दोघं आमच्या सोनागिरी कॉलनीतच राहिली. कॉलनीच्या मागच्या कोपऱ्यात काकूंनी बायोगॅसची टाकी बसवून घेतली होती. घराघरातलं शिळं अन्न, देठं, सालं बारीक करून त्या रोज मोजून एक बादली आत ओतत. त्या गॅसवर झाडूवाल्या बायकांचा सकाळचा चहा व्हायचा. "आतले जंतू हे खातात आणि गॅस सोडतात," त्या सांगत. "पण एकदम जास्त घातलं की टाकी आंबते हं."

मला हे पाठ होतं. तरी मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला ढीगभर जेवण उरलं, तेव्हा मी काकूंना तोंड दाखवायला लाजले. "एवढं कशाला करतेस?" असं त्यांनी आदल्या दिवशीच विचारलं होतं. दुपारी त्या झोपल्या असताना मी दोन मोठी पातेली भात आणि कढी टाकीत रिकामी केली.

ज्योत बारीक होत गेली, मग विझलीच. आठवड्याने नगर निगमची माणसं आली. अशाच टाक्या आणखी दोन कॉलन्यांत बसवायचा विचार होता. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले, "आंटी, अब जला के दिखाइए." काकूंनी तीन काड्या ओढल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "मुझसे ही कुछ गलती हुई है."

मी मुलीला कडेवर घेऊन शेजारीच उभी होते. तिचा फ्रॉक नीट करत राहिले. माणसं निघून गेली. महिन्याभरात वासाच्या तक्रारी होऊन टाकीही काढली. काका गेल्यावर काकू मुलाकडे नागपूरला गेल्या.

गेल्या दिवाळीत फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं.

"किती घातलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"दोन पातेली."

"मग काही मोठं नव्हतं गं. पंधरा दिवस उपाशी ठेवली असती, थोडं शेण घातलं असतं, तर उठली असती." पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, जंतूंना कमी पडतंय. मी रोज दीड बादली घालत राहिले."

नंतर त्यांनी मुलगी कितवीत आहे ते विचारलं. मी सांगितलं. माफी मागायची राहूनच गेली.