दाराकडे पाठ

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा आमचे हे मालगाडीवर गार्ड होते. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. हे ड्युटीवर गेले की घरात मी एकटी. लढाईचे दिवस, कागद मिळायची मारामार. हे बाद झालेले जुने फॉर्म घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गोष्टी लिहायची. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती, मग दूधवाल्या मावशींना कळली.

मावशी कुसगावच्या. घरच्या म्हशीचं दूध घेऊन रोज चालत यायच्या. एका सकाळी दूध ओतता ओतता त्यांनी विचारलं, "काय लिवताय वैनी?"

"गोष्ट."

"मग वाचा की. रतिबाचं शेवटचंच घर हाय तुमचं." आणि त्या उंबऱ्याशी टेकल्या.

मी वाचली. कोकणातल्या समुद्रकाठच्या घरात एक बाई आहे, नवरा गलबतावर गेलेला, ती चार वर्षं खिडकीत उभी राहून त्याची वाट बघते. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली, समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. शेवट मी अगदी आवाज लावून वाचला.

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिची चूल कुटं हाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, खिडकीत उबी ऱ्हाती म्हनता. मग भाकरी कवा थापती? पानी कुटनं आनती?"

मी पानं मागे उलटून पाहिली. तिच्या घरात मी एक खिडकी तेवढी केली होती. मावशींना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. "लय ग्वाड वाचता," म्हणाल्या आणि चरवी उचलून गेल्या. ती गोष्ट मी तरीही एका मासिकाला धाडली. महिन्याभरात साभार परत आली.

भाताची झोडणी झाली तेव्हा मावशींनी नव्या तांदळासाठी घरी बोलावलं. हे म्हणाले, जाऊन ये, मोकळी हवा लागेल. मी गेले.

घर चढावर होतं. एकच दार, आणि त्या दारातून स्टेशनाकडून येणारी पायवाट सरळ दिसायची. अगदी लांबवर कोणी येत असलं तरी चालीवरून ओळखावं, इतकी उघडी. मावशींनी गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि त्या जात्यावर नाचणी दळायला बसल्या. दाराकडे पाठ करून. मला नवल वाटलं, कारण उजेड दारातूनच येत होता आणि दळणावर त्यांचीच सावली पडत होती.

"मावशी, इकडे तोंड करून बसा की. उजेड येईल."

मूठभर नाचणी जात्यात टाकत त्या म्हणाल्या, "आदी तसंच बसत हुते. मालक ममईला गोदीत गेले, तवा. दोन वरीस कागद आला, मग न्हाई आला. मेलं म्हून कोन सांगंना, जितं म्हून बी सांगंना. वाटंवर कोन बी दिसलं का माजा हात थांबायचा. पोरं उपाशी ऱ्हायची. मग येक दिस जात्याच्या ह्या अंगाला बसले."

एवढंच बोलून त्या पुन्हा दळू लागल्या. कपाळावर कुंकू होतं. उठून त्यांच्याजवळ बसले आणि खुंट्याला हात लावला. मला दळता येत नव्हतं. त्या हसल्या, पण हात काढा म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन मी गोष्ट लिहायला घेतली. मावशींचं घर कोणी ओळखू नये म्हणून ती बाई मी आमच्या चाळीत आणली, तिला रेल्वेतला नवरा दिला, आणि दाराकडे पाठ करून दळायला बसवली. लिहून झाल्यावर मावशींना वाचून दाखवली. त्यांना न विचारता छापायची नव्हतीच.

"वैनी, ही हितली न्हाई," त्या म्हणाल्या.

"का?"

"चाळीत पाठ करून बसली तर शेजारीन म्हनंल रुसली. सा जनी इचारायला येतील. हितं ती रडंल, बोलंल, मोकळी हुईल. पाठ करून बसायला घर येकलं लागतं."

बाई तीच आणि दुःखही तेच, पण घर बदललं तर ती वेगळं वागली असती. मी भीत भीत विचारलं, "मग तुमच्या घरात ठेवू का तिला?"

"ठिवा की."

"लोक ओळखतील."

"वळखू द्यात. गावाला ठावं न्हाई व्हय?" मग म्हणाल्या, "म्हस बी घ्या गोष्टीत. तिच्यामुळं दिस निघाले."

म्हैस घेतली. चढ, पायवाट, नाचणी, जात्यावर पडणारी सावली, सगळं घेतलं. ती गोष्ट छापून आली. अंक घेऊन मी स्वतः कुसगावला गेले आणि ओटीवर बसून वाचली. मावशींच्या दोन्ही सुना काम टाकून ऐकत होत्या. संपल्यावर मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मालकांस्नी घरी आनलं न्हाई तुमी."

"नाही."

"बरं केलं. मला ते खोटं वाटलं आसतं."

पुढे यांची बदली दौंडला झाली. कोरडा, सपाट मुलूख, सगळंच निराळं. तिथे वर्षभर मी एक ओळ लिहिली नाही. बायका नळावर कोणत्या वेळी जमतात, भर दुपारी सावली कुठे मिळते, मुलाला रागावताना आई घरात ओढते की अंगणातच बोलते, हे बघत राहिले. हे चिडवायचे, "आटली वाटतं तुझी शाई?" मी हसून सोडून द्यायची. मग एका दुपारी शेजारची बाई वाळवण उचलताना स्वतःशीच काही पुटपुटली, आणि मी आत जाऊन लिहायला बाद फॉर्म शोधू लागले.