फळ्यावरचं माझं भाकीत

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली म्हणून लिहितोय.

सकाळी उमरग्यात चहाच्या हॉटेलात विषय निघाला, आपल्या भारताच्या मुलींची फुटबॉल टीम आशिया कपमध्ये काय करणार? मी शाळेत खेळाचा शिक्षक, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खडू घेतला आणि भज्यांचा भाव लिहायच्या फळ्यावर ठोकून दिलं, "गटातल्या तीन मॅच, तिन्ही हरणार!" लई हसले सगळे.

हॉटेलवाले शिवाप्पा अण्णा म्हणाले, "सर, खाली पोरींची नावं बी लिवा की. कोण हरणार ते तरी कळू द्या."

मला एकही नाव येत नव्हतं. मी खडू खाली ठेवला. शेवटी अण्णांनीच फडक्यानं फळा पुसला.

उद्या मैदानावर आमच्या शाळेतल्या मुली रांगेत असतील. त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं शिट्टी वाजवू?