हैबतरावांच्या फौजेतला वैद्य

२००९ साली जांबे गावचे हैबतराव स्वतःच्याच नव्या इमारतीच्या जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरात घालून अंगणातल्या खाटेवर पडले. वरच्या खोलीतला भाडेकरू निषाद मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत कामाला. त्याला त्यांची दया आली, किंवा त्यांच्या दिवसभराच्या चौकश्यांची धास्ती. त्याने आपला हातात मावणारा गेम त्यांना दिला. खेळ जुनाच, जपानी, नव्या चित्रांनी पुन्हा काढलेला. चौघांची फौज घेऊन हिंडायचं आणि राक्षस मारायचे.

"चौघांची नावं सांगा," निषाद म्हणाला.

लढवय्या अर्थातच हैबतराव. दोघांना त्यांनी आपल्या जुन्या बैलांची नावं दिली, हरण्या आणि लाख्या. राहिला वैद्य, दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करणारा. हैबतरावांच्या तोंडून निघून गेलं, "दादासाहेब." निषादने ते घातलंसुद्धा. मग बदलायची सोय नव्हती.

दादासाहेब म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, भिंतीपलीकडे राहणारा. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. तो बांध एका कंपनीच्या पार्किंगखाली कधीच गाडला गेला, अबोला मात्र शाबूत होता. हैबतरावांना भावाशी बोलावंसं फार वाटे. पण थोरल्याने आधी तोंड उघडायचं म्हणजे काय! आणि धाकटाही काही कमी नव्हता, शेवटी एकाच आईचं दूध.

खेळात दादासाहेब गुणी निघाला. बटण दाबलं की जखम बरी करायचा, तक्रार नाही. हैबतरावांनी त्याला चांगलाच राबवला. एका सकाळी गुहेतल्या आग ओकणाऱ्या अजगराशी गाठ पडली, तेव्हाही ते आपल्याच जखमा बऱ्या करून घेत राहिले. दादासाहेबाचा जीव संपत आलाय हे बघायचं राहूनच गेलं. अजगर फुत्कारला आणि दादासाहेब आडवा झाला.

"दादासाहेब गेला!" हैबतराव ओरडले. "माज्यापायी गेला गं!" आणि खरोखरच रडू लागले.

घरात त्यांची बायको साळूबाई तांदूळ निवडत होती. कुणी गेला म्हटल्यावर कसा, कुठे, असं आमच्याकडे विचारत नाहीत. आधी रडायचं असतं. तिने हंबरडा फोडला. आळीतल्या बायका धावत आल्या आणि सूर धरला.

भिंतीपलीकडे दादासाहेबाला नुसतं रडणं ऐकू आलं. त्याला वाटलं, थोरला गेला. मयताला बोलावणं लागत नाही, तिथे भांडणही आड येत नाही. तो अनवाणीच डोळे पुसत आला, तर थोरला खाटेवर बसून रडतोय.

"आण्णा, कोन गेलं?"

"तू."

"कशानं?"

"मला वाचवता वाचवता."

दादासाहेबाने जरा विचार केला. "मग तुमी तरी वाचला का?"

"कुटं? तू गेल्यावर मी काय जगतोय."

दादासाहेब खाटेच्या कडेला टेकला. बायकांनी गोंधळून पदराने डोळे पुसले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तोवर दादासाहेबाच्या बायकोने रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी धाडली होती. गेलेला आणि त्याला रडणारा, दोघे एका ताटात जेवले.