डाव्या अंगावरचं वारं

सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, आणि तापट आहे हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप लावून वॉर्डात उभी होते. प्रॅक्टिकल चालू असताना शिकवणाऱ्या बाईने मध्ये बोलायचं नसतं.

परीक्षा देत होती आटपाडीकडची, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली पोर. एकदा नापास झालेली. या खेपेला हुकलं तर कॉलेज बंद, असं घरून बजावलेलं. तिचा हात इतका हलका, की सुई टोचलेली पेशंटला कळायचीही नाही.

बीपी घ्यायचं होतं. मशीन खाटेच्या डाव्या बाजूला मांडलेलं. तिने आधी खाटेवरच्या आजींची विचारपूस केली. आजी म्हणाल्या, "गेल्या साली डाव्या अंगावरनं वारं गेलंया, बाय." पोरीने मशीन उचललं, वळसा घालून पलीकडे गेली आणि उजव्या हाताला पट्टा बांधला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मांडणी मोडली म्हणून मार्क कापले आणि इंग्रजीत कारण विचारलं. इंग्रजी कानावर पडलं की तिची दातखीळच बसायची.

मला राहवलं नाही. "मॅडम, मी उत्तर सांगत नाही. फक्त तिला मराठीत विचारा."

त्यांनी विचारलं.

"आजींच्या त्या अंगाला लकवा हाय. त्या हाताचं बीपी बरोबर येईलच असं न्हाई."

"लकवा? त्या तर वाऱ्याचं काहीतरी म्हणाल्या."

"आवं मॅडम, वारं म्हंजीच लकवा!"

परीक्षक बाईंनी आजींना डावा हात उचलायला लावला. तो जेमतेम वीतभर वर आला. बाईंनी कापलेले मार्क स्वतः सही करून परत दिले. माझ्या पोरीचा मला इतका अभिमान वाटला, की व्हरांड्यात जाऊन डोळे पुसावे लागले.

तिथेच दुसरी एक मुलगी आठवली, मलकापूरची. आदल्या वर्षी तिची तोंडी परीक्षा मी घेतली होती. माझ्या इंग्रजी प्रश्नांपुढे तीही अशीच गप्प राहिली. मी शून्य लिहिलं, ती कॉलेज सोडून गेली, आणि "या पोरींना अभ्यासच नको," असं मी वर तोंड करून सगळ्यांना सांगत फिरले.

संध्याकाळी तिला फोन लावला. म्हटलं, परत ये, आता मराठीत विचारते.

"तवा बी येत हुतं मला, मॅडम," ती म्हणाली, आणि सोमवारी बॅग घेऊन आली.