शून्य उताऱ्याचा दिवस

डेट्रॉइटला उतरण्याआधी विमानाच्या खिडकीतून खाली पाणी दिसायला लागलं आणि ते संपेचना. शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी विचारलं, "हा कुठला समुद्र?" ते हसले. "समुद्र नाही, मॅम. तळं आहे. पिऊन बघितलंत तर गोड लागेल." मी लातूरची. उन्हाळ्यात टँकर कधी येणार याची वाट पाहण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. एवढं गोडं पाणी एका जागी असू शकतं, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण त्यावर माझा विश्वास बसला तो त्या खिडकीत.

माझा धाकटा भाऊ वसंता गेली पस्तीस वर्षं डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये राहतो. मोटारींच्या कारखान्यांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी पहिल्यांदाच आले म्हणून त्याने शनिवारी ओळखीच्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे असे वीसेक लोक. मसालेभात, सांभारवडी, आणि इथल्या मुलांसाठी पिझ्झा. नागपूरच्या एका काकूंनी विचारलं, "वसंतराव, तुमची रेवा सध्या काय करते?"

"फार्मामध्ये आहे," वसंता चटकन म्हणाला आणि भाताचं भांडं पुढे केलं.

रेवा म्हणजे त्याची मुलगी, इथेच जन्मलेली, वय बत्तीस. ती तिथेच उभी होती. हातातली प्लेट खाली ठेवून ती आत निघाली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, मी कॅनबिस एक्स्ट्रॅक्शन करते," ती म्हणाली. "गांजा. लीगली. मी लॅब हेड आहे, आणि लॅबला स्टेटचं लायसन्स आहे. बाबांना तो वर्ड बोलता येत नाही."

मला धक्का बसला, खोटं कशाला सांगू? गांजा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आले ते यात्रेत चिलीम ओढत बसलेले बुवा. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. "एक्स्ट्रॅक्शन? म्हणजे सॉल्व्हंटने काढता?"

"हो."

"मग मला दाखव."

मी एकतीस वर्षं सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये केमिस्ट होते. बियांवरून द्रावक (तेल विरघळवून घेणारं रसायन) सोडायचं, त्यात तेल उतरवून घ्यायचं, मग द्रावक उडवून परत गोळा करायचं. मालातून शेकडा किती तेल हाती आलं, तो आमचा उतारा. साखर कारखान्यात उसाचा असतो तसाच. अर्धा टक्का उतारा वाढला की आम्ही पेढे वाटायचो.

वसंताला हे पसंत नव्हतं. "ताई, तू टुरिस्ट व्हिसावर आहेस. मिशिगनचा कायदा काही म्हणो, केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हा आहे."

"ती कशाला हात लावणार नाही, बाबा. व्हिजिटर्सच्या खिडकीतून बघेल," रेवा म्हणाली. वसंताने वर्तमानपत्र उघडलं. तेवढीच त्याची परवानगी.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. ऑक्टोबरचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं अशी लाल झालेली की मला गाडी थांबवायला सांगावंसं वाटलं. तीनदा सांगितलंही. सिग्नलला रेवाने उजवा तळवा माझ्यासमोर धरला. मिशिगनचा नकाशा पंज्यासारखा आहे, म्हणून इथे कुणालाही पत्ता विचारला की तो तळहातावर बोट ठेवतो. "आपण इथून," तिने अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं, "इथे जातोय." ते बोट अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्यात गेलं. तिथे ह्युरॉन तळ्याची खाडी आत शिरते.

तासाभराने शेतं लागली आणि एका वळणावर मातकट रंगाचा डोंगर दिसला. सपाट मुलखात हा डोंगर कुठून आला? जवळ गेल्यावर कळलं, तो शुगर बीटचा ढीग होता (बीट खरं, पण पांढरं, यापासून इथे साखर करतात). आमच्या कारखान्यांच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागते, तसे इथे ट्रक लागले होते. मी काचेला नाक लावून बघत राहिले. ऊस नाही, चिपाड नाही, आणि तरी साखर!

एका लहानशा खानावळीत थांबलो. मेनूवर ‘बिस्किट्स’ दिसली म्हणून चहासोबत मागवली. आले ते दोन जाडजूड पाव, वर पांढऱ्या रश्श्यात डुकराचं मांस. रेवाने हसत बशी स्वतःकडे ओढली आणि माझ्यासाठी चेरीचा पाय (फळं भरून भाजलेली जाड पुरी म्हणा हवं तर) मागवला. शेजारच्या टेबलावर मातीने माखलेल्या बुटांचा एक म्हातारा शेतकरी होता. मी त्याला विचारलं, "यंदा बीटला उतारा कसा आहे?" रेवाने त्याचं इंग्रजी करून सांगितलं. त्याने टोपी मागे सारली, मला नीट पाहून घेतलं आणि मग पंधरा मिनिटं तो फक्त त्यावरच बोलला. पाऊस उशिरा आला तर साखर कशी पातळ होते, हे मी तिथे ऐकलं. आमच्याकडचा बागायतदार हेच सांगतो, याच सुरात.

लॅब गावाबाहेर होती. कुंपण, कॅमेरे, दारावर नोंद. खिडकीची काच बोटभर जाड. काचेपलीकडे माणसापेक्षा उंच स्टीलचे स्तंभ चकाकत होते आणि त्यांच्या नळ्यांवर दहिवरासारखा बर्फ धरला होता. एका काचपात्रात मधाच्या रंगाचा रस थेंबाथेंबाने उतरत होता. उजेड त्यातून आरपार जायचा. आमच्या प्लांटमध्ये सगळं काळं, तेलकट, पायाला चिकटणारं. रसायनशास्त्राचं देखणेपण मी पुस्तकात शिकले होते, नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. मी हात जोडले की काय, ते आठवत नाही. रेवा म्हणते, जोडले.

"याचं पुढे काय होतं?" मी विचारलं.

"काही दुखणाऱ्या लोकांसाठी. काही मजेसाठी घेणाऱ्यांसाठी. दोन्ही," ती म्हणाली. तिने काही लपवलं नाही, ते मला आवडलं.

तिचा सहकारी डेल साठीचा होता. मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर इथे आला. त्याने सांगितलं की दोन महिन्यांपासून उतारा घसरलाय आणि मालक रेवावर नाराज आहे. माझे कान टवकारले. "माल ओला येत असेल," मी ऐटीत म्हणाले. "तुम्ही पाणी तोलताय. उतारा घसरल्यासारखा दिसतो, खरा घसरलेला नसतो." आमच्याकडे हे समजायला मला चार वर्षं लागली होती.

रेवाने शांतपणे पडद्यावर तक्ता उघडला. आलेल्या प्रत्येक पोत्याचा ओलावा तिने मोजून ठेवला होता. "ते मी फर्स्ट वीकमध्येच चेक केलं, आत्या. थोडं ते आहे. बाकी मालक दिवसाचा टोटल बघतो, त्याला स्पीड हवाय. दोन घाण्यांच्या मधला वेटिंग टाइम कट कर म्हणतो. तेवढ्या वेळात रूममधली सॉल्व्हंटची पेट घेणारी वाफ क्लिअर होते. मी नाही म्हटलं. मंडेला माझा रिव्ह्यू आहे, प्रमोशन त्यावरच ठरणार."

आणि तेवढ्यात गजर झाला.

कर्कश नव्हता. एकसुरी, ठाम. छतावरचे पंखे गरजायला लागले. डेलने हातातला मग होता तिथे ठेवला. रेवाने भिंतीवरचं लाल बटण दाबलं, माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल. पळायचं नाही." दोन मिनिटांत, लॅबमधले आणखी तिघं धरून, आम्ही सहाही जण मागच्या गवतात उभे होतो. डेलने डोकी मोजली. कुणी ओरडलं नाही, कुणी "नेहमीचंच आहे" म्हणालं नाही. सेन्सरला वाफेचा माग लागला होता. एका झडपेची सील गेली होती, हे नंतर कळलं.

मालकाचा फोन आला. रेवाने तो स्पीकरवर ठेवला. आतला घाणा टाकून देऊ नका, पाच मिनिटांत परत जा, असं तो म्हणत होता. "सेन्सर खोटाही असू शकतो," तो म्हणाला.

"असू शकतो," रेवा म्हणाली. "मी तो खरा धरते. नवी सील बसेपर्यंत आज कुणी आत जाणार नाही. घाणा गेला."

"म्हणजे आजचा उतारा?"

"शून्य."

मी गवतातच खाली बसले. रेवाला वाटलं, मी घाबरले. ती शेजारी बसली, आणि कुणालाही कधी न सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली. आमच्या प्लांटमध्येही सेन्सर होता. एका उन्हाळ्यात तो सारखा वाजायचा आणि दर वेळी प्लांट थांबवावा लागायचा. उतारा पडला. तपासणीच्या कागदावर ‘सेन्सर सदोष, जोडणी काढावी’ असं लिहून सही करणारी केमिस्ट मी होते. आठवड्याने भरदुपारी भानुदास नावाचा फिटर पाना घेऊन गळती बघायला गेला आणि भडका उडाला. तो वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, बोटं आखडली. त्याच वर्षी उताऱ्याबद्दल माझा सत्कार झाला. चौकशीत तो कागद कुणी मागितला नाही, आणि मी दिला नाही.

रेवाने सगळं ऐकलं. तिने मला समजावलं नाही की दोष दिला नाही. तिने विचारलं, "Is he alive?"

"आहे."

"Then go see him, आत्या."

संध्याकाळी ती मला खाडीच्या काठावर घेऊन गेली. पलीकडचा किनारा दिसत नव्हता. हजारो पक्षी दक्षिणेकडे निघाले होते आणि त्यांच्या रांगा आभाळात न तुटता सरकत होत्या. मी पाण्यात बोट बुडवून चाखलं. खरंच गोड होतं. इतकं मोठं काही पाहिलं की माणूस लहान होतो असं म्हणतात. मला तसं नाही वाटलं. मला वाटलं, इतक्या मोकळ्या जागेत लपायला कुठे जागाच नाही.

घरी वसंता वाट बघत होता. मी चपला काढता काढताच त्याला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. तो रेवाकडे वळला. "मंडेला रिव्ह्यू कितीला आहे?" त्याने विचारलं. "मी सोडायला येतो." ती म्हणाली, "बाबा, मी ड्राइव्ह करते, यार." पण सोमवारी पहाटे तो कोट घालून दारात उभा होता. रेवाची नोकरी टिकली, मात्र वरची जागा दुसऱ्याला मिळाली. त्या आठवड्यात नागपूरच्या काकूंचा फोन आला तेव्हा वसंता अडखळत का होईना, म्हणाला, "रेवा ना? गांजाचा अर्क काढणाऱ्या लॅबची प्रमुख आहे."

महिन्याने मी लातूरला परतले आणि तिसऱ्या दिवशी भानुदासच्या घरी गेले. तो अंगणात बाजेवर बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"मला ठावं हुतं, मॅडम," तो म्हणाला. "पाना आणाया गेलो तवा फळीवर त्यो कागद हुता. सही वळखतो की मी तुमची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

त्याने आखडलेल्या बोटांनी कपाळ पुसलं. "मी बी वाचून आत गेलो हुतो. मलाबी त्यो सेन्सर खोटाच वाटला हुता." मग त्याने हात मांडीवर ठेवला. "पर तुम्ही यायला पायजे हुतं. दवाखान्यात यायला पायजे हुतं."

त्याने मला क्षमा केली असं मी लिहू शकत नाही. तो तसं म्हणाला नाही. त्याच्या सुनेने चहा आणला. मी जाईना, हे पाहून त्याने बाजेवर थोडं सरकून जागा केली. अमेरिकेत मी पाहिलेली तळी, बिटांचे डोंगर, काचेपलीकडचा मधाळ रस, सगळं अचंबित करणारं होतं आणि ते मी भेटेल त्याला सांगत असते. पण लोक विचारतात, तिथलं सर्वांत मोठं काय पाहिलंस, तेव्हा मला आठवतात ती गवतात उभी असलेली सहा माणसं, आणि त्यांची डोकी मोजणारा डेल.