सु-ग्योमच्या नावाचा फलक

कोरियाच्या किनाऱ्यावरच्या हाएजिनमध्ये कुणाचं बरं चाललंय, हे पांग ओक-नानला गावाच्या आधी कळतं. कुणाची मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली, कुणाच्या आईला ऐंशी वर्षं पुरी झाली, कुणाचा मुलगा सैन्यात बढती मिळवून आला, की आधी तिच्या फलकांच्या दुकानात अभिनंदनाचं कापड छापून निघतं आणि मग मासळी बाजाराच्या चौकात दोन खांबांच्या मध्ये फडफडायला लागतं. वाईट बातमीचा फलक कुणी करून घेत नाही. त्यामुळे तसल्या बातम्या तिच्यापर्यंत सगळ्यांच्या शेवटी पोचतात, आणि या हिवाळ्यात तिच्याच घरातली बातमी तशी पोचायची होती.

बाई तशी तिखट. कुणी भावात घासाघीस करायला लागलं, की "मग ‘हार्दिक’ काढून नुसतं ‘अभिनंदन’ ठेवते, चालेल?" असं विचारून गप्प करायची. शाळेत असताना ती वर्गात पहिली यायची. पण घरात भाऊ शिकायचे होते, म्हणून कोवळ्या वयात तिची रवानगी तेगू शहरातल्या कापड गिरणीत झाली. दिवसभर मागावर उभं राहायचं आणि संध्याकाळी गिरणीनेच चालवलेल्या शाळेत डुलक्या खात धडे गिरवायचे. तिथेही ती पहिली आली, पण त्याचं कुणाला काय? परत आल्यावर एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हाताखाली ती ब्रशने फलक लिहायला शिकली. पुढे छपाईची यंत्रं आली, म्हातारा गेला, दुकान तिच्याकडे आलं. हाएजिनच्या शाळेच्या दरवाजावर सत्र संपताना जे फलक लागतात ते सगळे तिच्या हातचे. लोकांच्या पोरांची नावं एवढी छापली, की आपल्या पोराचं नाव कधी छापायचं हे एकच वेड तिच्या डोक्यात घर करून बसलं.

त्या पोराचं नाव सॉक सु-ग्योम. शाळेच्या शेवटच्या वर्षाला, हुशार, अबोल. बाप माकूळ पकडणाऱ्या मोठ्या बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तेव्हा घरात माय-लेक दोघंच, आणि दोघांच्या मध्ये राजधानीतलं, सोलचं वैद्यकीय कॉलेज, जिथे त्याने अर्ज केला होता.

निकाल लागला त्या दुपारी सु-ग्योम दुकानातच होता. त्याच वेळी ग्वाक अध्यक्ष येऊन बसले होते. हे शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक. आवाज असा, की बर्फाला तडा जावा.

"काय रे, लागला ना निकाल? मिळालं का ॲडमिशन?"

पोरगं मोबाइलकडे बघत राहिलं.

"अरे बोल की! तोंडात भात भरलाय का?"

सु-ग्योमने मान वर केली. आई यंत्र बंद करून, कापड कापायचं गरम पातं हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की कुणालाही तिची भीती वाटावी.

"मिळालं," तो म्हणाला.

ग्वाक अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "बघा! आपल्या शाळेतून सोलला डॉक्टर! सु-ग्योमच्या आई, फलक संघातर्फे. मोठा करा. पार हायवेवरून वाचता आला पाहिजे."

ओक-नान रडली. पोराला कवटाळून, शाईचे हात त्याच्या शर्टाला लागतील याचंही भान न ठेवता रडली. पोरगं लाकडासारखं उभं होतं. लाजलाय, असं तिला वाटलं.

त्यानंतर एका गोष्टीचं नवल वाटतं, आणि रागही येतो. त्याला पुन्हा कुणी विचारलंच नाही. कॉलेजांचा निकाल मुलाच्या मोबाइलवर येतो, शाळेला तो मुलानेच सांगायचा. शाळेला वाटलं, आईने बघितलाच असेल. संघाला वाटलं, शाळेने खात्री केली असेल. आईला वाटलं, अध्यक्षांनी एवढा गाजावाजा केला म्हणजे शाळेत सगळं पक्कं असणार. आनंदाच्या बातमीचा पुरावा मागायची आमच्याकडे रीतच नाही. मागितला, तर तुझ्या पोटात दुखतंय म्हणतील.

एकट्या येओम बाईंनी मागितला. या त्याच्या वर्गशिक्षिका, नव्या, तरुण, जरा घाबरट. त्यांचा फोन आला.

"सु-ग्योमच्या आई, सत्राच्या बातमीपत्रात घालायचं होतं. ॲडमिशनचा कागद त्याने अजून दाखवला नाही. रोज उद्या म्हणतो."

"विसरला असेल हो. मी सांगते त्याला."

"आणि हल्ली तो... जेवणाच्या सुट्टीत जेवायला येत नाही. बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसतो, असं मुलं सांगतात."

"मोकळा झालाय बाई, बसू दे की. तीन वर्षं पोराने समुद्र बघितला नाही."

फोन ठेवून ओक-नानने यंत्र पुन्हा सुरू केलं. तिला काही कळलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. नाव नोंदवायची मुदत कधी संपते, हे विचारल्यावर पोरगं "शिष्यवृत्ती आहे, नंतर" एवढंच म्हणालं होतं. कॉलेजातून ना फोन ना पत्र. पोराने खोली अशी आवरली होती की तिथे कुणी राहतं की नाही असा प्रश्न पडावा. पुस्तकं बांधून खालच्या वर्गातल्या मुलांना दिली. गिटार मावसभावाला दिलं. एकदा सकाळी उठून बघते, तर त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केलेला.

"आता मी नसताना तुला त्रास नको," तो म्हणाला.

"सोलला चाललायस का चंद्रावर?" ती हसली. तो हसला नाही. विचारावं असं जिभेवर आलंही होतं. पण विचारलं आणि भलतंच उत्तर आलं तर? तिने प्रश्न गिळला आणि त्याच्या ताटात मासा वाढला. त्याने तो तसाच ठेवला.

सत्र संपत आलं तशी दुकानात कामाची झुंबड उडाली. जूदोमध्ये प्रांतात ब्राँझ, समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या मत्स्यजीव मंडळाला दुसरा क्रमांक, गायनवृंदाला खास बक्षीस. शाळेच्या फलकांवर हल्ली मुलांची नावं घालत नाहीत, शिक्षण खात्याला आवडत नाही. नावाचा फलक लावायचा तो संघाने, म्हणजे ग्वाक अध्यक्षांनी. ओक-नानने तो सगळ्यात शेवटी छापायला घेतला. लाल अक्षरात ‘सॉक सु-ग्योम’, खाली निळ्यात कॉलेज, त्याखाली बापाचं आणि आईचं नाव. स्वतःचं नाव छापून बाहेर येताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या किनाऱ्यावर जानेवारीचा वारा डोंगरावरून उतरतो आणि जे बांधलं नसेल ते समुद्रात नेऊन टाकतो. म्हणून मोठ्या फलकाला चंद्रकोरीसारखे काप द्यावे लागतात, वारा त्यातून निघून जातो. दुकानात कामाला लागलेल्या माणसाला ओक-नान हेच पहिलं शिकवते. पण या कापडावर अक्षरं एवढी मोठी होती, की काप द्यायचा तर तो सु-ग्योमच्या नावातच बसणार. तिने पातं तापवलं, कापडावर टेकवायला नेलं आणि मागे घेतलं. पोराच्या नावावर पातं चालवायला तिचा हात धजेना. दोरी जाड लावू, म्हणाली, आणि दोन्ही टोकांना जाड दांडे शिवून मोकळी झाली. शाळेच्या दरवाजावर एका बाजूला जिंकोचं झाड, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, असा फलक टांगला गेला.

सत्रसमाप्तीच्या समारंभाच्या सकाळी शाळेच्या रखवालदाराचा फोन आला. "तुमचा फलक बघा आधी येऊन! शिडासारखा फुगलाय. जिंकोच्या झाडाची फांदी कडकड करतेय. खाली पोरंबाळं, फुलंवाल्या. कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे?"

ओक-नानने शिडी गाडीवर टाकली. सु-ग्योम गणवेशात तयार होऊन दारात उभा होता. "मी येतो शिडी धरायला," म्हणाला.

शाळेच्या दरवाजात गर्दी ओसरत होती. पालक हातात गुच्छ घेऊन सभागृहाकडे निघाले होते. ग्वाक अध्यक्ष नवाकोरा कोट घालून ओरडले, "सु-ग्योम, पहिल्या रांगेत बस रे! नंतर चिनी हॉटेलात जेवण माझ्याकडून!" आणि आत गेले. वर फलक फुगत होता, आपटत होता, पुन्हा फुगत होता. त्यावरचं नाव एकदा पुरं दिसे, एकदा चुरगळे.

ओक-नान शिडी चढून विजेच्या खांबाच्या टोकाला पोचली. कमरेला दोराने स्वतःला बांधायचं ती घाईत विसरली होती. तिने दांडा एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने चाकू काढला.

"काप द्यावेच लागणार रे!" ती वरून ओरडली. "तुझ्या नावात जातील. वाईट वाटून घेऊ नकोस!"

"काप, आई."

"काय?"

"नाव काप. सगळं काप." तो वर बघत नव्हता. शिडीचे दोन्ही पाय त्याने घट्ट धरले होते. "मला मिळालं नाही. कधीच मिळालं नव्हतं."

वाऱ्याचा एक मोठा झोत आला आणि फलकाने तिला खांबावर आदळलं. खोटं कशाला सांगायचं, तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आले ते ग्वाक अध्यक्ष, मग बातमी ऐकून बोटीवर सगळ्यांना दारू पाजणारा नवरा, मग बाजारातल्या बायका. तिला पोराचा संताप आला. खाली उतरून त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. ती एक पायरी उतरलीही.

तेव्हा तिला दिसलं, की एवढ्या थंडीत पोराच्या अंगात जाकीट नाही.

"जाकीट कुठाय तुझं?"

"दिलं."

"कुणाला दिलं? या दिवसांत?"

"मला आता लागणार नव्हतं." त्याचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणू विचारावं तसा. "समारंभ झाल्यावर मी घरी येणार नव्हतो, आई. तू उतर. उतरलीस की मी जातो."

आवरलेली खोली, गिटार, नळ, न खाल्लेला मासा, बंदराचा धक्का. जे गिळून टाकलं होतं ते सगळं एकदम तिच्या घशाशी आलं. खाली उडी मारून त्याला धरावं, हा पहिला विचार. पण ती माणसं ओळखते, आणि या पोराला तर स्वतःपेक्षा जास्त. ती जमिनीला टेकली, की तो हात सोडणार आणि तिच्या म्हाताऱ्या गुडघ्यांना न सापडता धक्क्याकडे निघून जाणार. वर आई लटकत असेपर्यंत मात्र तो शिडी सोडायचा नाही.

ती उतरलेली पायरी पुन्हा चढली. आणखी एक चढली, सगळ्यात वरची, जिथे कुणी उभं राहत नाही.

"आई, काय करतेस? खाली ये!"

"माझे पाय कापतायत. तू सोडलंस तर मी पडेन."

"मग उतर ना!"

"नाही उतरत. धर नीट."

सभागृहातून कर्ण्यावर मुख्याध्यापकांचा आवाज येत होता. सत्रातलं मुलांचं यश ते एकेक करून वाचत होते. जूदो. टाळ्या. मत्स्यजीव मंडळ. टाळ्या. ओक-नान चाकूने फलक कापत होती, जेवढा सावकाश कापता येईल तेवढा, आणि तोंडाने अखंड बोलत होती. काय बोलतेय हे तिचं तिलाही कळत नव्हतं. तुझ्या वेळी डोहाळे कसले लागले होते, बाप कसा बोटीवरून फोनवर रडला होता, गिरणीत पहिली आले तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं रे, मेले का मी? शिडी थरथरत होती, म्हणजे पोरगं रडत होतं, म्हणजे अजून खालीच होतं.

"...आणि आपल्या शाळेचा अभिमान, सॉक सु-ग्योम!"

टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. मग हळूहळू विरल्या. कर्ण्यावरून त्याचं नाव पुन्हा पुकारलं गेलं, मग पुन्हा.

सभागृहाचं दार उघडून येओम बाई धावत बाहेर आल्या. त्यांनी दरवाजात अर्धा फाटलेला फलक बघितला, वर टोकावर लटकलेली बाई बघितली आणि किंचाळल्या, "अहो, पडाल! उतरा! कुणीतरी या रे, सु-ग्योमच्या आईंना धरा!"

"मला नको!" ओक-नान वरून जिवाच्या आकांताने ओरडली. "आधी त्याला धरा, बाई! दोन्ही हातांनी धरा! मग मी उतरते!"