सोलरच्या काचेवरच्या कुर्डया

"अहो! पाणी बर्फ आहे, बर्फ!"

न्हाणीघरातून बायको अशी ओरडली की तिकडे मुळशी धरणावरचे बगळे उडाले असणार. पाडव्याची सकाळ. मी गुढीच्या काठीला कडुलिंब बांधत होतो, तो हातातच राहिला. तिच्या डोक्याला तेल, तेलावर शिकेकाई आणि नळाला गार पाणी.

विषय एका आंघोळीचा नव्हता. दिवाळीत सूसच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही कासार आंबोलीच्या नव्या घरात आलो, ते तिच्या अटीवर. "गिझर नाही, एसी नाही म्हणता ना? पाडव्यापर्यंत बघते. एकदा जरी पाणी गार आलं, एकदा जरी उकडलं, तर मी सूसला. तुम्ही बसा इथे सूर्याला ओवाळत."

घर मी सूर्याला विचारून बांधलं होतं. दक्षिणेचा छज्जा असा बेतलेला, की थंडीतलं तिरपं ऊन थेट पलंगावर येऊन बसायचं आणि उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेरूनच परत जायचं. जिन्यावर उंच धुराडं. त्यातून गरम हवा वर पळायची आणि तिच्या जागी उत्तरेकडच्या आंब्याखालची गार हवा जमिनीलगतच्या झरोक्यांतून आत यायची. नळाच्या गरम पाण्यासाठी गच्चीवर सोलर. मी तर सांगायचो, भर दुपारी आमच्या ताटात तूप थिजतं आणि मांजर स्वेटर मागतं. भारनियमनात गाव ओट्यावर पदरानं वारा घेत असे, तेव्हा आम्ही आत चादर ओढून. निदान मी तरी.

म्हणजे पाच महिने जिंकत आलो आणि शेवटच्या सकाळी हरलो. शिडी लावून गच्चीवर गेलो. सोलरच्या काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धोतर अंथरलेलं. धोतरावर कुर्डया. वर मच्छरदाणीसारखी पसरलेली जुनी साडी. काल दिवसभर सूर्यानं इमानानं काम केलं होतं, पण सगळं कुर्डयांसाठी.

शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून बघत होत्या.

"मावशी, हे तुमचं काम!"

"माजं कशाला? मी निस्ता सोऱ्या दाबला. जागा तुमच्या मंडळींनी दावली. म्हनल्या, ती काच लई तापतीया, हितं एका उन्हात वाळत्यात."

"अहो, पण ती काच पाणी तापवायला आहे!"

"व्हय? मग तसं सांगायचं न्हाई का घरात?"

सांगायचं! पाच महिने मी दुसरं काही बोललोच नव्हतो. पाहुणे आले की सोलर, जेवताना सोलर. पण ऐकणारीनं कान कधी मिटले, ते मला कळलं नव्हतं.

तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून बायको शिडीवरून वर आली. चुलीवर पाण्याचं पातेलं चढवून आली होती, म्हणजे मी अट हरलो होतो. तिनं काच पाहिली, कुर्डया पाहिल्या, मला पाहिलं. कुंपणापलीकडे मावशींनी नाक मुरडलं.

शेवटी मीच विचारलं, "मग? सूसला सामान कधी हलवायचं?"

तिनं एक कुर्डई उचलली, कडकन मोडली, तुकडा तोंडात टाकला.

"ही काच कुर्डयांची. पाण्याला दुसरी बसवा."